वॉर्डच्या दाराशी गार्ड

सरकारी रुग्णालयात ज्यांनी रात्री काढल्या आहेत त्यांच्या डोळ्यांसमोर हे चित्र लगेच येईल. दारावर पाटी असते, ‘स्त्री शस्त्रक्रिया वॉर्ड’. दाराला लागून प्लास्टिकची खुर्ची आणि खुर्चीत निळ्या शर्टातला गार्ड. भेटायची वेळ संपली की तो उठतो, हात आडवा धरतो आणि म्हणतो, “एका पेशंटमागे एकच माणूस.” माझी आई अशा एका वॉर्डात अकरा दिवस होती आणि मी बाहेरच्या बाकावर. झोप येत नसली की माणूस डोळ्यांपुढे जे असेल ते वाचत राहतो. पाटीवर ‘वॉर्ड’, खिशावरच्या बिल्ल्यावर ‘गार्ड’. चौथ्या की पाचव्या रात्री जाणवलं, की या दोन शब्दांचं शेपूट एकच आहे. यमक जुळावं तसे ते जुळतात. घरी आल्यावर कोश उघडला तेव्हा कळलं, की हे यमक नाही, हे सख्खे जुळे भाऊ आहेत. दीड हजार वर्षांपूर्वी ताटातूट झालेले, दोन वाटांनी फिरून इंग्रजीत पुन्हा एका घरी आलेले, आणि तिथून बोटीत बसून आपल्याकडे उतरलेले.

आता तर दोघेही मराठीच झाले आहेत. होमगार्ड, बॉडीगार्ड, सायकलचा मडगार्ड, मोबाइलच्या काचेवरचा स्क्रीनगार्ड. क्रिकेटमध्ये फलंदाज पंचांकडून ‘गार्ड घेतो’. तिकडे जनरल वॉर्ड, वॉर्डबॉय, वसतिगृहाचा वॉर्डन, नगरपालिकेच्या निवडणुकीतला आपला वॉर्ड. राखण करण्याच्या एका साध्या शब्दाला इतक्या फांद्या कशा फुटल्या, हे पाहायचं तर आधी फ्रान्समध्ये जावं लागेल, आणि तेही फ्रान्सला फ्रान्स हे नाव मिळण्याआधीच्या काळात.

पाचव्या शतकात रोमन साम्राज्य ढासळत होतं आणि फ्रँक नावाच्या जर्मॅनिक टोळ्या गॉल प्रांतात घुसून स्थिरावत होत्या. राज्य फ्रँकांचं झालं, पण प्रजा लॅटिनच बोलत राहिली. राज्यकर्त्यांचे लढाईचे, पहाऱ्याचे, जामिनाचे शब्द मात्र प्रजेच्या तोंडी येऊ लागले. त्यांत पहारा देणं, लक्ष ठेवणं या अर्थाचा एक शब्द होता, ‘वार्डोन’. अडचण होती ती पहिल्याच ‘व’ची. फ्रँकांचा हा ‘व’ दोन्ही ओठ गोल करून काढायचा होता आणि तोवर बोलीभाषेतल्या लॅटिनमधून तसा ‘व’ शब्दारंभी उरला नव्हता. परका आवाज जिभेला जड गेला की लोक त्याला आपल्याकडचा आधार देतात. आपण ‘स्टेशन’चं ‘इस्टेशन’ करतो तेव्हा हेच करत असतो. गॉलच्या लोकांनी त्या ‘व’च्या आधी ‘ग’चा टेकू लावला. ‘वार्ड’चं ‘ग्वार्ड’ झालं. काही शतकांनी टेकूच राहिला आणि ज्याच्यासाठी तो लावला तो ‘व’ गळून गेला. उरलं ‘गार्द’. इंग्रजीत ‘गार्ड’ लिहिताना ‘जी’नंतर एक ‘यू’ येतो. तो उच्चारत कोणीच नाही, शाळकरी पोरं तो विसरतात आणि मार्क गमावतात. तो ‘यू’ म्हणजे गळून गेलेल्या त्या ‘व’ची खूण आहे.

फ्रान्सच्या उत्तरेला, नॉर्मंडी आणि पिकार्डी भागात मात्र लोकांनी ‘व’ सोडला नाही. १०६६ साली इंग्लंड जिंकलं ते नॉर्मंडीच्या सरदारानं. त्याचं नाव इंग्रजांच्या तोंडी विल्यम, पॅरिसच्या तोंडी गियोम. एकाच नावात ‘व’ आणि ‘ग’ असे समोरासमोर उभे. विल्यमबरोबर इंग्लंडात ‘व’वाले शब्द उतरले. पुढे दरबारात पॅरिसच्या फ्रेंचचं वजन वाढलं, तेव्हा तेच शब्द ‘ग’ लावून दुसऱ्यांदा आले. इंग्रजीनं आधीचे टाकले नाहीत आणि नवे अडवले नाहीत. म्हणून तिथे वॉर्डन आहे आणि गार्डियनही आहे. ‘वॉर्ड’ तर त्यांच्याकडे मुळातच होता. अँग्लो-सॅक्सन लोकांचा ‘वेआर्ड’ हा फ्रँकांच्या शब्दाचा सख्खा चुलतभाऊच.

इलेक्ट्रिकच्या दुकानात मिक्सर घेताना आपण विचारतो, “वॉरंटी आहे की गॅरंटी?” आणि दुकानदार त्यातला फरक गंभीरपणे समजावून सांगतो. व्यापारात तो फरक आज खरा आहे. पण हेही ‘व’ आणि ‘ग’चंच जुळं आहे, एक नॉर्मंडीच्या बंदरातून आलेलं, दुसरं पॅरिसच्या वाटेनं. फक्त त्यांचं मूळ थोडं निराळं, ‘झाकणं, आडोसा देणं’ अशा अर्थाच्या धातूतलं. त्याच धातूचं संस्कृत रूप ‘वृ’, ज्याच्यापासून ‘आवरण’ झालं, अंगावरचं चिलखत म्हणजे ‘वर्मन्’ झालं आणि त्या चिलखताचं ‘वर्मा’ हे आडनाव झालं. गाडी जिथे निवाऱ्याला उभी करतात ते गॅरेजही याच घरचं. ‘गार्डन’ मात्र यांच्यात बसवू नये. दिसायला तो ‘गार्ड’चा भाऊ दिसतो, पण तो कुंपणाचा शब्द आहे, त्याची कुळी वेगळी.

मग ‘गार्ड’ची कुळी कोणती? मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जवळचं वाटतं ते इथलंच.

रक्षण म्हटलं की आपल्या मनात ढाल येते, भिंत येते, काठी येते. पण ‘वार्ड’ या शब्दाच्या तळाशी यातलं काहीच नाही. तिथे नुसते डोळे आहेत. अभ्यासकांनी मांडलेल्या मूळ धातूचा अर्थ ‘बघणं, चाहूल घेणं, सावध असणं’ असा आहे. इंग्रजीतला ‘अवेअर’ त्याच धातूचा, आणि बंगल्याच्या फाटकावर कुत्र्याच्या चित्राशेजारी लिहिलेला ‘बिवेअर’ही. ग्रीक भाषेत या कुळातून ‘पाहणे’ हे क्रियापदच झालं असं मानतात. चहूकडचं एका नजरेत दिसतं त्या दृश्याला अठराव्या शतकाच्या शेवटी ‘पॅनोरमा’ हे नाव मिळालं ते त्या ग्रीक क्रियापदावरून. इटालियन माणूस मित्राला ‘ग्वार्दा!’ म्हणतो तेव्हा ‘पहारा दे’ म्हणत नसतो, ‘ते बघ!’ म्हणत असतो. फ्रेंचमध्ये ‘गार्दे’ म्हणजे जपून ठेवणं आणि ‘रगार्दे’ म्हणजे बघणं. जर्मन भाषेत हाच शब्द ‘वार्टेन’ झाला आणि त्याचा अर्थ झाला ‘वाट पाहणे’. वाट पाहण्यातही पाहणं आहे, हे मराठी माणसाला कोणी समजावायला नको.

खरं तर आपल्याला यातलं काहीच समजावायला नको. “म्हातारीला आता कोण बघतं?” हा प्रश्न आपल्याकडे घरोघर विचारला जातो, आणि तिच्या तोंडाकडे कोण बघतं असा त्याचा अर्थ कोणी घेत नाही. “मी येईपर्यंत दुकान बघ.” “पोराला बघशील का तासभर?” बघणं म्हणजे सांभाळणं. आणि ‘सांभाळणे’ हा शब्द तरी कुठून आला? संस्कृतात ‘भल्’ हा पाहण्याचा, निरखण्याचा धातू आहे. त्याला ‘नि’ लागून प्राकृतातून आलं ते आपलं ‘न्याहाळणे’, आणि ‘सं’ लागून आलं ते ‘सांभाळणे’. न्याहाळणे आणि सांभाळणे ही सख्खी भावंडं! आई तान्ह्या बाळाला न्याहाळते आणि सांभाळते तेव्हा ती एकाच धातूची दोन रूपं चालवत असते. जर्मॅनिक टोळ्यांना जे सुचलं तेच, त्यांची आपली गाठभेट नसताना, आपल्या भाषेलाही सुचलं आहे. मला तरी यात भाषाशास्त्राइतकंच माणसाचं सत्य दिसतं. ज्याच्यावर नजर आहे तोच सुरक्षित.

आपला ‘पहारा’ मात्र डोळ्यांतून आलेला नाही, तो घड्याळातून आला. प्रहर म्हणजे दिवसाचा आठवा भाग, तीन तास. एका प्रहराची पाळी तो पहारा, पाळीवरचा तो पहारेकरी. गंमत अशी, की इंग्रजीतल्या ‘वॉच’नं नेमका उलटा प्रवास केला आहे. तो मुळात जागं राहण्याचा शब्द. जागं राहून राखण करणारा तो वॉचमन, आणि पुढे मनगटावरचं घड्याळही वॉच. आपल्याकडे गावगाड्यात रात्री गस्त घालणाऱ्याला ‘जागल्या’ म्हणत. वॉचमनला याहून नेमका प्रतिशब्द आपण आज बनवू शकणार नाही, आणि तो आपल्याकडे आधीपासून होता. जुन्या इंग्लंडात रात्रीच्या राखणीला ‘वॉच’ आणि दिवसाच्या राखणीला ‘वॉर्ड’ म्हणायची पद्धत होती. दोन्ही मिळून ‘वॉच अँड वॉर्ड’. ही जोडी जशीच्या तशी भारतात आली. रेल्वे सुरक्षा दल उभं राहण्यापूर्वी रेल्वेच्या मालाची राखण करणाऱ्या खात्याचं नाव तेच होतं.

‘बघणं’ या अर्थाचा धागा हाती ठेवला की आणखी काही शब्द आपोआप उलगडतात. ‘रिगार्ड’ म्हणजे परत वळून बघणं, म्हणून दखल, म्हणून आदर. त्याचं ‘व’वालं जुळं ‘रिवॉर्ड’. सुरुवातीला त्याचाही अर्थ दखल घेणं एवढाच होता. मालकानं नोकराच्या कामाकडे वळून पाहिलं की हाती काहीतरी पडायचं, तिथून तो बक्षिसाचा शब्द झाला. ‘अवॉर्ड’ हा त्यांचा तिसरा भाऊ. आज आपण तो ऐकतो तो टाळ्यांच्या गजरात, पण त्याचा जुना अर्थ गंभीर आहे: नीट पाहून, तपासून दिलेला निवाडा. धरणात किंवा महामार्गात ज्यांची जमीन गेली त्या शेतकऱ्यांना हा जुना अर्थ चांगला ठाऊक असतो. “आमचा अवॉर्ड झाला, पैसे अजून नाहीत,” असं जेव्हा तलाठी कार्यालयाबाहेर कोणी म्हणतं, तेव्हा ते इंग्रजीतला सहाशे वर्षांपूर्वीचा अर्थ अचूक वापरत असतं.

आणि ‘लॉर्ड’? न्यायालयातले ‘मिलॉर्ड’ आणि आपल्या आजोबांच्या बोलण्यातला ‘लाटसाहेब’ हेही या पहारेकऱ्याचेच वंशज आहेत, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. जुन्या इंग्रजीत ‘हलाफ’ म्हणजे पाव, आजचा ‘लोफ’. ‘हलाफ’ आणि ‘वेआर्ड’ मिळून ‘हलाफवेआर्ड’, पावाचा राखणदार. घरातल्या माणसांची आणि चाकरांची भाकरी ज्याच्या ताब्यात, तो मालक. बोलता बोलता शब्द झिजला, ‘हलाफोर्ड’ झाला, मग ‘लॉर्ड’, आणि भारतात येऊन ‘लाट’. ‘लेडी’ हा शब्दही त्याच चुलीपाशी जन्मला. ती मुळात कणीक मळणारी. पुढे सत्ता आली, किल्ले आले, मुकुट आले. शब्दाच्या पोटात मात्र भाकरी तशीच राहिली. परळच्या केईएम रुग्णालयाच्या नावात ‘एडवर्ड’ आहे, तो सातवा एडवर्ड राजा. त्याही नावाचं शेपूट हेच. एडवर्ड म्हणजे संपत्तीचा राखणदार. त्या इमारतीत वॉर्ड दारांवरच्या पाट्यांवर आहेत आणि राजाच्या नावातही आहेत.

पण रुग्णालयाच्या खोलीला वॉर्ड का म्हणायचं? राखण करण्याच्या क्रियेवरून राखलेल्या जागेकडे अर्थ सरकला म्हणून. किल्ल्याच्या तटाआतलं बंदिस्त आवार म्हणजे वॉर्ड, मग तुरुंगाचा एक भाग म्हणजे वॉर्ड, मग रुग्णालयाची एक दालनवजा खोली. शहराचे राखणीसाठी पाडलेले भाग तेही वॉर्ड. लंडनच्या जुन्या शहरात असे पंचवीस वॉर्ड आजही आहेत. मुंबईचे ए, बी, सी किंवा जी नॉर्थ हे त्यांचेच पुढचे अवतार. त्यांत आता राखण कमी आणि पाणीपट्टी, कचरा, बांधकामाची परवानगी जास्त.

अर्थ आणखी एका दिशेनं सरकला. राखणाऱ्यावरून राखल्या जाणाऱ्यावर. ज्याचा सांभाळ कायद्यानं दुसऱ्याकडे सोपवला आहे ते अज्ञान मूलही ‘वॉर्ड’. आपल्याकडे १८९० साली इंग्रजांनी केलेला एक कायदा अजून लागू आहे, ‘गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट’. त्याचं शीर्षक वाचा. एकाच आईची दोन लेकरं तिथे शेजारी शेजारी उभी आहेत आणि एक सांभाळणारं, तर दुसरं सांभाळलं जाणारं. ‘ग’ला अधिकार मिळाला, ‘व’च्या वाट्याला पोरकेपण आलं.

गार्डियनला आपण ‘पालक’ म्हणतो. शाळेच्या दाखल्यावर ‘पालकाची सही’ आणि जिल्ह्याला ‘पालकमंत्री’. पण मुलाचा नैसर्गिक पालक कोण, यावरून देशाच्या सर्वोच्च न्यायालयात एक मोठा खटला चालला. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात लिहिलं होतं, की अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक वडील, आणि त्यांच्यानंतर आई. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावानं रोखे घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला आणि पालक म्हणून स्वतः सही केली, तेव्हा वडिलांची सही मागण्यात आली. वडिलांनी संमती दिलेली होती, तरीही. प्रश्न उरला तो ‘नंतर’ या एका शब्दाचा. नंतर म्हणजे वडील वारल्यानंतर का? १९९९ साली न्यायालयानं सांगितलं, की तसा अर्थ घेता येणार नाही. ‘नंतर’ म्हणजे त्यांच्या अनुपस्थितीत, आणि बाप मुलाच्या बाबतीत बेपर्वा असेल, किंवा दोघांच्या संमतीनं आईच सगळं पाहत असेल, तर तो घरात असूनही या अर्थानं अनुपस्थितच समजावा. न्यायाधीशांनी कोश उघडून धातू शोधला नव्हता, त्यांनी राज्यघटनेतली समानता पाहिली होती. पण पोहोचले ते शब्दाच्या मुळाशीच. जो बघतो तो गार्डियन. ज्याची नजर मुलावर नाही तो सहीपुरताही गार्डियन नाही. मला हा निकाल भाषेच्या दृष्टीनंही फार सुंदर वाटतो.

आता आपल्या इतिहासाकडे वळू, कारण हा शब्द मराठीत इंग्रजांच्या शाळांबरोबर आला असं समजणं चूक आहे. तो त्याआधी आला, खांद्यावर बंदूक घेऊन.

१७५१पासून काही वर्षं फ्रेंच सेनानी बुसी हैदराबादला निजामाच्या पदरी होता. त्यानं इथल्याच माणसांना फ्रेंच पद्धतीची कवायत शिकवून पायदळाच्या पलटणी उभ्या केल्या. रांगेत उभं राहायचं, हुकमासरशी गोळी झाडायची, पुन्हा बार भरायचा. दख्खनच्या घोडदळाला ही लढाई नवी होती. या कवायती शिपायांना लोक ‘गारदी’ म्हणू लागले. पहाऱ्यावरच्या तुकडीला मराठीत ‘गारद’ म्हणत, आणि गारदेतला तो गारदी. म्हणजे फ्रेंच ‘गार्द’ किंवा इंग्रजी ‘गार्ड’. भारतातल्या इंग्रजीचा प्रसिद्ध कोश ‘हॉब्सन-जॉब्सन’ १८८६ साली निघाला. त्यात आणखी एक मत नोंदलं आहे, की मूळ शब्द अरबी ‘घर्बी’, म्हणजे पश्चिमेकडचा, असावा आणि ‘गार्ड’नं त्याला नंतर आपलं रूप दिलं असावं. मला दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असण्यात काही अडचण दिसत नाही. शब्द कधी कधी दोन नद्यांच्या संगमासारखे बनतात. ‘शत्रू गारद झाला’ मधला ‘गारद’ मात्र यातला नाही. तो लुटालूट, नासधूस या अर्थाच्या अरबी-फारसी ‘गारत’चा.

बुसीच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान पुढे सदाशिवरावभाऊंकडे आला. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर त्याच्या गारद्यांनी रोहिल्यांची फळी कापत नेली, आणि तो स्वतः शेवटपर्यंत लढून शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला. त्या दिवशी ‘गारदी’ या शब्दाला मराठी मनात जी जागा मिळायला हवी होती ती निष्ठेची. ती टिकली नाही. बारा वर्षांत पुण्यात जे घडलं त्यानं ती पुसून टाकली.

३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाड्यात पेशवे नारायणराव, वय अठराच्या आसपास. वाड्याच्या राखणीला गारदी, सुमेरसिंग वगैरे त्यांचे म्होरके. पगार थकल्याची तक्रार पुढे करून ते आत घुसले. नारायणराव पळत चुलत्याच्या, राघोबादादांच्या, महालाकडे गेले. “काका, मला वाचवा” ही त्यांची हाक अजून पुण्याच्या हवेत आहे असं म्हणतात. राघोबादादांच्या मूळ हुकमात ‘धरावे’ होतं आणि ‘ध’चा ‘मा’ करून कोणी ‘मारावे’ केलं, ही गोष्ट त्यांच्या पत्नी आनंदीबाईंच्या नावानं पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. तिला पुराव्यापेक्षा लोककथेचा आधार जास्त आहे. पुरावा आहे तो रामशास्त्री प्रभुण्यांनी केलेल्या चौकशीचा, जी थेट राघोबादादांपर्यंत गेली.

या हकिकतीत मला नेहमी थांबायला होतं ते चाफाजी टिळेकर या नावापाशी. तो सेवक होता. गारद्यांच्या तलवारी उगारल्या गेल्या तेव्हा तो नारायणरावांच्या अंगावर पडला, आपल्या देहानं त्यांना झाकलं, आणि त्यांच्याबरोबर मारला गेला. राखणीसाठी नेमलेले, कवायत शिकवलेले, शस्त्रं दिलेले ते ‘गार्ड’, आणि त्यांनी मारलं. ज्याच्याकडे हे बिरूद नव्हतं त्यानं राखलं. पुढे दोनशे वर्षं मराठीत ‘गारदी’ हा शब्द मारेकरी या अर्थानंच वापरला गेला. जगातल्या किती भाषांमध्ये ‘गार्ड’ गेला. त्याचा अर्थ इतका उलटा पडला तो आपल्याच अंगणात.

संस्कृतातल्या ‘रक्ष्’ धातूलाही ही जखम ठाऊक आहे. वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडात कथा आहे, की ब्रह्मदेवानं पाणी निर्माण केलं आणि त्याच्या राखणीसाठी प्राणी निर्माण केले. त्यांतले जे ‘रक्षाम’, आम्ही राखू, असं म्हणाले ते राक्षस झाले. रक्षक आणि राक्षस एका धातूचे. भारतीय तटरक्षक दलाचं ब्रीद ‘वयम् रक्षामः’ हे त्याच क्रियापदाचं सरळ, निर्मळ रूप आहे. याच ‘रक्ष्’चा युरोपातला भाऊ ग्रीक ‘अलेक्स’, आणि त्यावरून आलेलं नाव अलेक्झांडर, म्हणजे माणसांचा रक्षणकर्ता. आपला सिकंदर. तोही अर्धं जग तुडवत आला, हे आठवलं की या शब्दांना किती ओझं वाहावं लागतं ते कळतं.

दारातल्या त्या निळ्या शर्टाकडे पुन्हा येतो. त्याच्या पूर्ण पदाचं नाव ‘सिक्युरिटी गार्ड’. ‘सिक्युरिटी’ लॅटिनमधून आली, ‘से’ म्हणजे विना आणि ‘कुरा’ म्हणजे काळजी, चिंता. काळजी नसणं म्हणजे सिक्युरिटी. आणि गार्ड म्हणजे काळजीनं बघणारा. दोन शब्द एकमेकांच्या विरुद्ध टोकांना आहेत आणि त्या टोकांवर दोन वेगळी माणसं आहेत. आत झोपलेल्यांची निश्चिंती पहिल्या शब्दात, बाहेर बसलेल्याची जाग दुसऱ्या शब्दात. मराठीत आपण ‘सुरक्षा रक्षक’ म्हणून एकाच धातूला दोनदा कामाला लावलं. महाराष्ट्रानं या लोकांच्या नोकरीसाठी आणि कल्याणासाठी १९८१ साली स्वतंत्र कायदा केला, त्यासाठी मंडळं नेमली. तरी एका रात्री माझ्या ओळखीचा झालेला गार्ड बारा तासांच्या पाळीवर होता, आणि पाळी संपल्यावर पुढचा माणूस आला नाही म्हणून आणखी बारा तास थांबला. सकाळी मी चहा आणून दिला, तर कप हातात धरूनच त्याचा डोळा लागला. मुळात जो शब्द डोळे उघडे ठेवण्याचा, तो अंगावर घातलेल्या माणसाला डोळे मिटायची सवड मिळू नये, याचं मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

‘गार्ड’ म्हटल्यावर माझ्या पिढीला आधी दिसतो तो रेल्वेचा. शेवटच्या डब्यात, हातात हिरवं निशाण. रेल्वेत हा शब्द आला तो घोड्यांच्या टपालगाडीवरून. १७८४च्या ऑगस्टमध्ये जॉन पामर नावाच्या माणसानं ब्रिस्टल ते लंडन अशी टपालगाडी धाववून दाखवली. तिच्यावर टपालाच्या पेटीवर, अगदी मागे, बंदूकधारी गार्ड बसायचा.  त्याच्याजवळ कुलूपबंद घड्याळही असायचं, वाटेतल्या वेळा नोंदायला. वॉच आणि गार्ड एकाच माणसापाशी. आगगाड्या आल्या तेव्हा घोडे गेले, बंदूक गेली, पण मागची जागा, घड्याळ आणि पदाचं नाव तसंच राहिलं. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, आणि तिच्यामागून आपल्या देशात गार्डची नोकरीही रुळांवर आली. लोकांनी त्याच्या डब्याला ‘गार्डचा डबा’ म्हटलं आणि पोरांनी फलाटावरून त्याला हात केले. बहुतेक गार्ड उलट हात करत.

जानेवारी २०२२मध्ये रेल्वेनं हे पदनाम बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केलं. अंगावरच्या जबाबदारीला शोभेल असं नाव हवं ही त्या लोकांची जुनी मागणी होती. इमारतीच्या दाराशी बसणाऱ्याला आणि हजार प्रवाशांच्या गाडीवर असणाऱ्याला एकच शब्द का, असं त्यांना वाटे. ते मी समजू शकतो. पण नाव बदललं म्हणून काम बदललेलं नाही. रात्री मधल्या रानात गाडी अडली आणि पुढेमागे काहीच कळेना, तर हा माणूस दिवा आणि फटाके घेऊन खाली उतरतो आणि गाडी जिकडून आली तिकडे, मागे, चालू लागतो. हे फटाके रुळावर बसवायचे असतात. मागून येणाऱ्या इंजिनाचं चाक त्यांच्यावरून गेलं की मोठा आवाज होतो आणि चालक ब्रेक लावतो. ६०० मीटरवर एक. मग आणखी तितकंच चालून १२०० मीटरवर तीन, एकमेकांपासून दहा-दहा मीटर अंतर सोडून. नियमांच्या पुस्तकात या कामाला ‘गाडीचं संरक्षण’ म्हणतात. ते झालं की तो रुळांशेजारी उभा राहतो आणि मागच्या अंधारात कुठे इंजिनाचा दिवा दिसतो का ते बघत राहतो.